ओळख देऊन नाही राहिला

पडद्यावर जिथे आकडा असायला हवा
तिथे दोन आडव्या रेघा.
खाली बारीक अक्षरांत : लेन्स जोडलेली नाही.

आणि माझ्या डाव्या तळहातावर
तिचं पाऊण किलो वजन.
जोडलेलीच.

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
संध्याकाळी वर्धमाननगरला साखरपुडा,
आगाऊ घेतलेले पैसे खर्चूनही झालेले.
बंद केला, चालू केला.
काढली, बसवली,
खट् आवाज येईस्तोवर फिरवली.
खट् तर येतो.
बॅटरी बदलली. फुंकर मारली
(मारू नये, हे ठाऊक असून).
मग जुनी लेन्स लावली, काचेच्या कडेला बुरशी धरलेली.
तिला मात्र त्यानं ताबडतोब ओळखलं,
माहेरचं माणूस दारात आल्यासारखं.

म्हणजे दुखणं हिचंच.

बर्डीवर, मोदी नंबर तीनमध्ये,
एका वेळी एकच माणूस मावेल असा जिना.
वर दौलत पराते, टेबलाएवढं दुकान,
डोळ्यात भिंग खोचलेलं.
बघण्याआधी विचारलं,
"रात्री कूलरसमोर ठेवला होता?"
ठेवला होता.
"तुम्हाले गार वाटते, बाई, त्याले गंज चढते."

भिंग माझ्याकडे दिलं.
लेन्सच्या कडेला आठ सोनेरी टिकल्या,
चिमणीच्या कपाळाला लावाव्यात एवढ्या.
सहावीवर हिरवट साय.

"आठही जण बोलले पाहिजेत. कॅमेरा पुसते, तू कोण?
सात सांगतात, सहावा चूप.
मग तो म्हणते, कोणीच नाही आलं.
बिघडला नाही हा.
फक्त ओळख देऊन नाही राहिला."

शाळेतलं पांढरं खोडरबर काढलं,
कोपरा ब्लेडनं कापून टोकदार केला.
एकाच दिशेनं, न दाबता.
काळे कण कापडावर झटकले,
मग काडीला कापूस, कापसाला स्पिरिट.
वाळ्याचा वास आणि स्पिरिटचा वास
आणि खाली कुणीतरी रुमाल विकतोय, दहाला एक.

घासता घासता सांगितलं,
सकाळी रेशनच्या दुकानात चारदा अंगठा ठेवला.
मशीन घेत नाही.
एकतीस वर्षं हेच स्पिरिट. रेघा गेल्या.
दाखवला मला :
गुळगुळीत, खूप हातांतून फिरलेल्या
चार आण्यासारखा.

"दुकानदार मले चड्डीत होतो तवापासून ओळखते.
एका गल्लीत भोवरे फिरवले आम्ही.
पण तो म्हणते, दौलत, मी ओळखून काय होते?
यानं ओळखलं पाहिजे."
हसला नाही. काडी बदलली.

टिकली सोन्याची झाली.
त्यानं लेन्स बसवली, कानाजवळ नेऊन फिरवली.
खट्.
रेघा गेल्या, दोन पूर्णांक आठ आलं,
इतकं सहज की मला रागच आला.

"पाहा एखादा मारून."
मी कॅमेरा त्याच्याकडे वळवला.
चेहरा शोधणारा पिवळा चौकोन
आधी कॅलेंडरवरच्या लोणीचोरावर गेला,
जरा घुटमळला,
मग खाली उतरून दौलत परातेंच्या तोंडाभोवती बसला.

"आला काय चौकोन?"
आला.
"मग हाच नेतो रेशनवर."

ऐंशी रुपये झाले. सुटे नव्हते, शंभर दिले.
वीस परत करताना नोट सुटेना,
त्या अंगठ्यावरून कागद नुसता घसरत होता.
शेवटी दातांत धरून वेगळी केली त्यानं,
ओशाळून सदऱ्याला पुसली, मग दिली.

जिना उतरताना वर बघितलं.
शटर अर्धं ओढलेलं.
खोडरबराचा तुकडा खिशात टाकून
तो चपला शोधत होता.
दुकान दोनला उघडतं, त्यानंच सांगितलं होतं,
पाचव्यांदा बघतो.