पिवळा, तोही वीतभर

दौलत सानपला निळा हवा होता.
फोनवर दाखवला त्यानं,
पंजाबकडची कुठलीशी गाडी, केबिन निळीशार पेटलेली,
छताला चांदण्या, स्टिअरिंगखाली जांभळी झिरमिळ.
असंच पाहिजे मिस्त्री. पैशाचं बघू नका.

मी पैशाचंच बघतो सहसा.
आडगावच्या ट्रक टर्मिनसला सतरा वर्षं झाली,
निळी पट्टी रोज चार मीटर कापतो आणि देताना सांगतो,
लाल-निळा पुढच्या काचेतून दिसला की पावती.
समोरच्याला वाटतं पोलीस, नाहीतर अ‍ॅम्ब्युलन्स,
तो बाजूला होतो, आणि बाजूला नेमका खड्डा असतो.
गिऱ्हाईक मान हलवतं, पट्टी लावून जातं.
पेठ रोडला पासिंगची तारीख आली
की उपटायलाही माझ्याकडेच येतं.
दोन्हीकडून मजुरी. मी तक्रार करत नाही.

मग नियम काय म्हणतो?
नियम मला भेटला नाही कधी, त्याची माणसं भेटतात.
एक म्हणतो आतला लाइट चालेल.
दुसरा म्हणतो कंपनीनं दिला तेवढाच.
तिसरा बॉनेटला कोपर टेकतो आणि म्हणतो, बघू.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडून क्लीनर उतरला.
गोरख. एकोणीस-वीसचा, खांद्यावर क्रेटचा वळ.
दौलतकडे बघून त्यानं दोन बोटं मनगटावर टेकवली,
मग मूठ हवेत फिरवली.
दौलतनं उत्तर दिलं. हातानंच.

ऐकू येत नाही त्याला, जन्मापासून.
दिवसा ठीक असतं, कसारा उतरेपर्यंत गप्पा चालतात.
अंधार पडला की भिवंडीपर्यंत तो एकटा, मी एकटा.
मागून कोण येतंय ते मांडीवर थापटून सांगतो,
एक थाप दुचाकी, दोन थापा बस.
बाकी काय बोलणार हो थापांत?
छताचा दिवा लावावा तर काचेत माझंच थोबाड दिसतं,
रस्ता नाही.

हे आधी सांगायचं की लेका.
निळं रीळ परत खुंटीला टांगलं.

पिवळी पट्टी, मंद, वीतभर.
कात्रीची खूण असते तिथंच कापायची, तीन-तीन दाण्यांवर,
मध्येच कापली तर तेवढा तुकडा मेला.
चोवीस व्होल्टचे बारा केले, वाटेत फ्यूज घातला.
कथलाच्या धुरानं गोरख शिंकला,
आणि त्याची शिंक आमच्यासारखीच मोठी निघाली.
डॅशबोर्डच्या ओठाखाली अशी चिकटवली
की उजेड गिअरवर पडावा, काचेला कळू नये.
खाली उतरून गाडीपुढे उभा राहिलो,
कमरेवर हात, इन्स्पेक्टरसारखा.
काही दिसलं नाही.

वीस दिवसांनी दौलत आला, हातात पावती.
माझ्या पोटात गोळा.
विल्होळीला रात्री अडवलं म्हणे.
मॅडम होत्या, टॉर्च घेऊन वर चढल्या,
पट्टीवरून बोट फिरवलं, हे कशाला?
हा सांगू लागला तर म्हणाल्या, तुम्ही नाही, त्याला सांगू द्या.
मॅडम, तो बोलत नाही.
टॉर्च त्यांनी बंद केला.
गोरखनं दोन्ही हात पिवळ्यात धरले आणि सांगितलं.
काय सांगितलं, ते दौलत मला सांगेना.

मग पावती कशाची?
मागचा डावा लाल दिवा गेलाय, म्हणाला,
तेवढा बसवून द्या.

परवा सिन्नरच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो,
द्वारकाच्या सिग्नलला शेजारी त्याचीच गाडी येऊन थांबली.
बाहेरून दिसू नये असंच बसवलं होतं मी,
पण एसटीची खिडकी उंच, आणि त्याची काच खाली.
दौलतचा हात गिअरवर, त्यातली दोन बोटं सुटी,
हं हं करणारी.
गोरखचे दोन्ही हात काहीतरी लांबलचक सांगत होते,
मध्ये एक नदी असावी, किंवा भांडण, किंवा एखादी मुलगी,
बोटं वर गेली, थबकली,

आणि एसटी सुटली.