उलटी स्प्रिंग

बटणावर लिहिलंय: आपोआप स्वच्छ होईल.
छत्तीस वर्षं वाचत आले, दाबलं दोनदाच.
एकदा गिस्ली होता तेव्हा,
आणि यंदा, नाताळला सहा दिवस असताना,
तळाशी सांडलेल्या आलुबुखाराच्या गराचा कोळसा
खरवडून खरवडून मनगट गेलं म्हणून.

चाळिसाव्या मिनिटाला घड्याळ मालवलं.
चारही आकडे, एकदम,
बोलता बोलता कोणी उठून जावं तसे.
दार बंद. आतली कडी पडलेली.
काचेपलीकडे काळोख,
आणि जळक्या वेलदोड्याचा वास घरभर.
बाहेर उणे सत्तावीस, सरोवर गोठलेलं.
खिडक्या सताड उघडून
मी स्वेटरवर स्वेटर चढवून बसले.
भीक नको, म्हटलं, कुत्रं आवर.

पुस्तिकेत उपाय होते.
थंड होऊ द्या. रात्रभर होऊ दिलं.
ब्रेकर पाडा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा चढवा.
मी दहा थांबले.
शेजारची थोर्डिस म्हणाली, फटीतून पातळ सुरी घाल.
सुरी वाकली.
लोण्याची होती, आईची.

तिसऱ्या दिवशी सेलकर्कहून अँब्रोज देजार्ले आला.
बूट दारात काढले,
एका मोज्यातून अंगठा बाहेर.
ओव्हन भिंतीपासून ओढला तर मागे
दगड झालेला एक बटाटा,
थोरलीचा हरवलेला मोजमापाचा चमचा
(त्यावरून धाकटीने मार खाल्लेला),
आणि धूळ, एक उशी भरेल इतकी.
"पंख्याने श्वास घ्यायचा कुठून?" तो म्हणाला.

मग मीटरची लाल सुई, काळी सुई.
सेन्सर: हजार ब्याऐंशी. "हा खरं बोलतोय."
कडीची मोटर: जिवंत.
मग नखाएवढा एक फ्यूज.
मीटर वाजलंच नाही.
आम्ही दोघं जरा वेळ
त्या न झालेल्या आवाजाकडे बघत राहिलो.
"हाच," तो म्हणाला. "आतली आग मागे आली, हा आधी मेला.
त्याचं कामच ते.
सणाच्या तोंडावर हे बटण दाबू नये, हाल्डोरा.
अख्खा डिसेंबर मी दुसरं काय करतो?
लोकांची दारं उघडत फिरतो."

पत्र्याच्या आत बॅटरी मारून तो थबकला.
"हे कोणी लिहिलंय?"
पेन्सिलीने, तिरक्या अक्षरांत, आइसलँडिकमध्ये.
म्हणजे मलाच गुडघे टेकून वाचावं लागलं:
दाराची स्प्रिंग उलटी बसली आहे. मला माहीत आहे. चालतंय.

चालतंय!
एकोणीस वर्षं मी ते दार गुडघ्याने रेटलं.
हातात तापलेला ट्रे, रेट गुडघा.
आणि हा टेबलाशी, मांडीवर मासेमारीचं जाळं,
फाटक्या घराला गाठ मारत म्हणायचा,
जुनं झालंय ग. बिजागऱ्याच तशा.
गाठ मात्र एकही उलटी पडू द्यायचा नाही.

"राहू दे तशीच?" अँब्रोजने हळूच विचारलं.
त्याला वाटलं असणार, मी रडतेय.
"सरळ कर," म्हटलं.

पक्कडीने मोटर फिरवली, कडी मागे सरली.
आत मूठभर राख, करडी, हलकी.
ओल्या फडक्याच्या दोन फेऱ्यांत निघाली.
एवढ्यासाठी.

चोवीस तारखेला व्हीनारतेर्ताचे सात थर भाजले,
सातही सारखे, कडा न करपलेल्या.
थोर्डिसला बघवेना.
दार आता एका बोटाने लागतं.
तरी दर वेळी गुडघा पुढे जातो,
दार तिथे नसतंच, ते आधीच लागलेलं,
आणि मी, भरल्या हातांनी,
रिकाम्या हवेत अडखळते.