सळई

गळतग्याच्या खालच्या काळ्या रानात
एकशे एकवीस खुंट्या.
दर मे महिन्यात, त्याच आठवड्यात,
खुंटीजवळच्या भेगेत मी सळई सोडते.
थांबली की चिमटीत धरून वर काढते,
धूळ पुसते, आकडा वाचते.

सातगोंडा मामांनी सत्तावीस वर्षं वाचला.
त्यांची वही मराठी आकड्यांत,
मधली काही पानं कन्नडमध्ये,
साहेब बदलला तेव्हाची.
भेग दोन्हींत तेवढीच खोल.

यंदा चौसष्टाव्या खुंटीला
सळई थांबलीच नाही.
मूठ मातीला टेकली, खाली नुसतं पोकळ.
रकान्यात लिहिलं : सळई संपली.
आकड्याच्या जागी शब्द,
मामा ओरडले असते.

ऑफिसातला भरत सांगतो,
पार उत्तरेला, गोठलेल्या जमिनीत
अशीच माणसं उन्हाळ्यात सळई खुपसतात,
यंदा किती वितळलं बघायला.
त्यांचीही संपत असेल एखाद्या खुंटीला.

आषाढात रान मिटेल,
जसं काही तोंड उघडलंच नव्हतं.
खुंट्या तेवढ्या बोटभर सरकलेल्या.

निपाणीत लोहाराला म्हटलं,
लांब सळई करून दे.
भात्यावरून मान न उचलता म्हणाला,
"एष्टु?"
किती.
तेच तर लिहायचंय.