साठ–चाळीस

हेरफर्डच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथून नदी दिसत नाही, पार्किंग दिसतं,
मी खरेदी विभागात बसते.
पाचशे पौंडांवरचा प्रत्येक खर्च
दर महिन्याला जाहीर करायचा असतो.
रस्त्यांवर टाकायचं मीठ, अकराशे टन.
शाळांतले उकडलेले वाटाणे.
डोंगरातल्या शेतावरून एकाच मुलाला
शाळेत नेणारी टॅक्सी, येऊन-जाऊन चौतीस मैल.
खाली, बऱ्याच खाली, एक ओळ:
अंत्यविधी, बेवारस. नग: नऊ.

बेवारस हा शब्द माझा.
इथे रकान्यात लिहितात,
वैयक्तिक तपशील वगळला आहे.

बाबा जिल्हा परिषदेत होते, बांधकाम खात्यात.
निविदांची पाकिटं फोडायचे, लाखेचा चुरा
शर्टाच्या खिशातून घरी यायचा.
त्यांना फोनवर सांगितलं, आमच्याकडे टक्केवारी असते:
साठ टक्के किमतीला, चाळीस दर्जाला.
इतके हसले की ठसका लागला.
"आमच्याकडेही टक्केवारीच होती गं,
फक्त कागदावर नसायची."

या वर्षी ते कंत्राट नव्याने काढलं.
दोनच निविदा आल्या.
एक स्विंडनच्या कंपनीची: चाळीस पानं,
पर्यावरण धोरण, गाड्यांचे फोटो,
नगामागे एकशे बारा पौंड कमी.
दुसरी किंग्टनच्या एम्रिस ग्विलियमची.
एकोणीस वर्षं हे काम तोच करत आला.
प्रश्न चौथा: सेवेचा दर्जा कसा राखाल?
मर्यादा पाचशे शब्द.
त्याने लिहिलं होतं,
नेहमी करतो तसंच.

फिलिपा म्हणाली, याला पाचपैकी एक.
नियमाने बरोबर होतं. मी एकच दिला.

मला माहीत होतं, फाइलमध्ये नव्हतं,
की तो पेटीमागून टोपी काढून चालतो,
कुणीच आलं नसेल तर पुतण्याला
कोट घालून बाकावर बसवतो,
बाई असेल तर घरच्या बागेतली फुलं,
पुरुष असेल तरीही.
एकदा बिलाला टाचलेली चिठ्ठी होती:
"यांना क्रिकेटची कॉमेंटरी आवडायची, शेजारीण म्हणाली.
रेडिओ लावला. त्याचे पैसे नाहीत."

विनिर्देशात लिहिलंय: पेटी, साधी. गाडी, एक. माणसं, चार.
जे त्यात नाही त्याला गुण नाहीत.
आणि तो विनिर्देश
मीच लिहिलेला, एका शुक्रवारी, घाईत.

वर्षाला वाचले एक हजार आठ पौंड.
तेवढ्यात वीसेक टन मीठ येतं.
मीठही लागतंच, जानेवारीत माणसं घसरतात,
घसरून मरतातसुद्धा.
हे मी स्वतःला दोनदा सांगितलं.

निविदा आणि नैवेद्य एकाच धातूतले,
शाळेत केळुसकरबाई सांगायच्या.
पुढे ठेवायचं
आणि हात मागे घ्यायचा.

नकाराचं पत्र साच्यातलं असतं, नाव तेवढं बदलतं.
त्याचं उत्तर आलं, निळ्या शाईत.
आभार मानले होते. माझं आडनाव बरोबर लिहिलं होतं,
जे इथे अकरा वर्षांत फिलिपाला जमलेलं नाही.
पुढे: "गुरुवारची आधीच ठरली आहे, ती मी करतो.
आणि मागच्या महिन्यातल्या बाईंचं मांजर
अजून माझ्याकडेच आहे.
ते नव्या कंत्राटात येतं का?"

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली,
कारणाच्या रकान्यात वैयक्तिक.
पुतण्या बाकावर जरा सरकला, काही बोलला नाही.
त्याच्या कोटाच्या बाह्या
आता आखूड झाल्यात.

मांजराचं उत्तर
अजून दिलेलं नाही.