मधल्या चौकटी

संस्थेच्या ऑफिसात, फॅटच्या मशीनशेजारी,
जिथं भिंतीलासुद्धा आंबूस वास आहे,
तिथं बसून मी वर्षाचं दूध
एका फाइलीत ओतलं.
तारीख, सभासद नंबर, सकाळ-संध्याकाळ, लिटर.
दोनशे अकरा घरं
आणि पहाटे साडेपाचचा भोंगा.

लायब्ररी फुकटची, ओळी साठ.
तारखांचं तेवढं तिला शिकवावं लागलं.
तीन-चार म्हणजे तिला चार मार्च,
आपल्याकडं तो तीन एप्रिल,
जोतिबाला जाणाऱ्या सासनकाठ्यांचे दिवस.

मग पट्ट्या हलल्या.
आडव्या, रंगीत, प्रत्येकीच्या तोंडाशी नाव,
एक पुढं, दुसरी तिला ओलांडून वर,
पाडव्याला सायलेन्सर काढलेल्या गाडीमागं
शिंगं रंगवलेल्या म्हशी पळाव्यात तशा.

वार्षिक सभेत चादरीवर लावलं.
एक दिवस, अर्धा सेकंद.
"हाण! आला बघ सरनोबत!"
कुणी शिट्टी मारली, कुणी टोपी उडवली,
चेअरमनचा चहा गार झाला.

"थांबीव."
मागनं, पोत्यावरनं, गौराबाई देवणे उठल्या.
मी बटण दाबलं.
"सत्तेचाळीस नंबर. ही माझी पट्टी?"
"व्हय मावशी."
"श्रावणात अकरा दिवस मी दूध घातलंच न्हाई.
तू फॅट लावलीस पाच-आठ, माझी म्हस सात देती.
रागानं म्हस सोडली, पूल ओलांडून गंगावेशीत गेलतो,
कट्ट्यावर लोकांच्या गेलासात पिळत हुतो.
मग ह्या अकरा दिवसांत
तुझ्या पट्टीत कुणाचं दूध वाढतंय?"

मी समजावलं.
अलीकडं सहा लिटर, पलीकडं आठ,
मध्ये आकडा नाही,
तर लायब्ररी थोडं थोडं वाढवत नेते,
मधल्या चौकटी ती स्वतःच काढते,
डोळ्याला हिसका बसू नये म्हणून.

गौराबाईंनी पदर खोचला.
"म्हंजे पाणी घालती."

सभा हसली. मीही हसलो,
पण मशीन माझ्याच हाताखालचं होतं
आणि पाच-आठ माझ्याच अक्षरात.

रात्री एक ओळ खोडली.
आता श्रावण आला की सत्तेचाळीसची पट्टी जाते.
विझत नाही, आखडत नाही, नुसती नसते.
साडेपाच सेकंद तिच्या जागी चादर दिसते,
चादरीवरची इस्त्रीची जळकी खूण दिसते,
आणि मला पुलावर खूर ऐकू येतात.

चेअरमन म्हणाले, तेवढं भोक बुजव,
वरच्या ऑफिसचे साहेब येणार आहेत.
मी हो म्हणालो. बुजवलं नाही.
एक उघडलं तशी बाकीची उघडली होती.
एकशे नव्वदचे तीन दिवस,
बासष्टची अख्खी दिवाळी,
मगदुमांच्या घराचे चाळीस,
सगळं मी गुळगुळीत करून दाखवलेलं,
लोकांनी टाळ्या वाजवलेलं.

म्हणून हल्ली खिडकीशी वही ठेवतो.
किटली रिकामी होईपर्यंत विचारतो.
काहीजण सांगतात, काहीजण फेस पुसत निघून जातात.

आज पहाटे एकशे बाराला विचारलं,
जूनमधल्या सहा दिवसांचं.
तो पावती घडी घालत म्हणाला,
"रेडकू."
तारखेपुढं मी तेवढंच लिहिलं.