पाणी जोखणारा

सरकारी जलखात्यात माझी सव्वीस वर्षं गेली.
रोज सकाळी आठला कायेकाये नदीच्या काठावर जायचं,
पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत टिपायचा.
काही घडलं नसेल तरी टिपायचा.
पूर एका दिवसात येत नाही,
हे वाल्दिव्हियातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आज सान्तियागोहून एक बाई आल्या, प्रशिक्षणाला.
पडदा, प्रोजेक्टर, बशीत बिस्किटं.
‘कामाच्या जागी छळ आणि भेदभाव : प्रतिबंध’.
बाईंनी एकेक शब्द जपून मांडला आमच्यापुढे,
दवाखान्यात काचेच्या नळ्या मांडतात तसा.
डॉन एव्हारिस्तो पहिल्या रांगेत, मान डोलावत.
मधेच म्हणाले, आमच्याकडे असलं काही नाही,
आम्ही इथे एक कुटुंब आहोत.
आम्ही हसलो,
कुटुंबात हसतात तसे, थोरल्याकडे बघून.

शेवटी कागद वाटले.
प्रश्न चौथा : असे काही घडताना आपण पाहिले आहे काय?
मी ‘नाही’वर फुली मारली.
पेन अडखळलंसुद्धा नाही.

दुपारी तीन वर्षांपूर्वीची एक मोजवही काढावी लागली.
अक्षर मिलाराय वेन्चुयानचं.
तिचं आडनाव साहेब दर वेळी नव्यानं मोडायचे
आणि विचारायचे, तुमच्या झोपडीत काय म्हणतात याला?
एका मार्चमध्ये ती आयसेनला गेली, बदली मागून.
आयसेनला कुणी मागून जात नाही.

आकडे सुरेख. दोन मीटर अकरा. दोन मीटर चौदा.
आणि समासात, पेन्सिलीनं, तितकंच बारीक :
नऊ दहा. साहेब. खुर्चीच्या पाठीवर हात.
नऊ बारा. हात खुर्चीवर नाही.

दोन मीटर एकोणीस.
बढतीची यादी. माझं नाव नाही.
विचारलं. ‘दौऱ्यावर बाईमाणूस, तेही तुमच्यातलं?’

दोन मीटर सव्वीस.
अकरा चाळीस. आडनावाचा विनोद. रेमिहिओ हसला.

रेमिहिओ म्हणजे मी.

ओळीखाली रेघ नव्हती. उद्गारचिन्ह नव्हतं.
पातळी लिहावी तशी लिहिली होती.
राग असता तर मला काही उत्तर सुचलं असतं.

तो विनोद मला आठवेना. खूप आठवला.
हसण्यावारी नेलं, म्हणतो आपण.
नेलं खरं, पण कुठे नेऊन ठेवलं?
इतकी वर्षं मी म्हणायचो, कुठेतरी पाणी मुरतंय,
आणि ते मुरत होतं त्याच जागी
एक बाई उभी राहून रोज आकडा वाचत होती.

खाली धक्क्यावर मासळीवाल्यांनी आतडी फेकली.
समुद्रसिंह भुंकत एकमेकांवर चढले.
मी वही मिटली. पुन्हा उघडली.

बाई वायरी गुंडाळत होत्या.
म्हटलं, माझा कागद परत मिळेल?
म्हणाल्या, खाडाखोड चालत नाही, कोरा घ्या.
कोऱ्यावर ‘होय’च्या खाली तीन ओळी असतात,
‘नाही’च्या खाली एकही नाही. हे मला सकाळी दिसलं नव्हतं.
कधी? कुणी? आपण काय केले?
दारात डॉन एव्हारिस्तो टोपी घालत उभे :
काय रे रेमिहिओ, येतोस ना?
पहिल्या दोन ओळी मी त्यांच्या देखत भरल्या.
तिसरीवर लिहिलं, हसलो.
आणि तारीख घातली, वेळ घातली,
नदीला घालतो तशी.

वही मात्र दिली नाही. ती तिची आहे,
तिला विचारल्याशिवाय कशी देणार?
म्हणून फोन नंबर मागत टेबलाटेबलानं फिरलो,
लेखा विभाग, भांडार, ड्रायव्हरांची खोली, पार दारवानापर्यंत.

अख्ख्या कुटुंबात
कुणाकडेच तिचा नंबर नव्हता.