दुरुस्ती

आमदारसाहेब,
मी अल्लाबक्ष शिकलगार, कोल्हापूर.
गंजी गल्लीच्या मागं साडेसहा फुटांचं दुकान.
पाटीवर ‘बंदूक दुरुस्ती’ एवढंच उरलंय,
‘सरकारमान्य’ उन्हानं खाल्लं.

आज्यानं तलवारी घासल्या, बापानं नळ्या.
मी बहुतेक दिवस कुलुपं खोलतो
आणि शिलाई मशीनला तेल देतो.
पोट त्यावर चालतं,
तेव्हा पोटासाठी मागत नाही,
आधीच सांगून ठेवतो.

दाजीपूरच्या कडेची माणसं यायची पहिल्या गाडीनं,
पोत्यात गुंडाळलेली ठासणीची बंदूक,
वर भाताची पेंढी, कंडक्टरला दिसू नये म्हणून.
कंडक्टरला माहीत असायचं.
आता पोतं येत नाही, फाईल येते.

शेवंता खोराटेची फाईल मी बघितलीय.
सासऱ्याच्या नावचा पीकसंरक्षणाचा परवाना,
सासरा गेला, बंदूक ठाण्यात जमा.
वारस म्हणून तिचा अर्ज:
तलाठ्याचा दाखला, पोलीस पाटलाचा दाखला,
वनखात्याचं पत्र, आणि उपद्रवाचा पंचनामा.
पंचनाम्याला माणूस आला चौथ्या महिन्यात.
रानडुकरांनी भुईमूग तोवर उकरून नेलेला.
त्यानं लिहिलं: ‘प्रत्यक्ष जागेवर पीक आढळून आले नाही.’
खोटं काय लिहिलं त्यानं?

इलेक्शन लागलं की उरलेल्या बंदुकाही जमा.
ठीक आहे.
पण डुकराला आचारसंहिता कोण वाचून दाखवणार?
निकालानंतर बंदूक परत येते तेव्हा
नळीत कुंभारमाशीनं घर बांधलेलं असतं,
ते फोडायला मला वाईट वाटतं.

तुम्ही म्हणाल, हे दिल्लीचं.
असेल. पण टेबल कोल्हापूरचं,
शिक्का कोल्हापूरचा, ‘पुढच्या सोमवारी या’ कोल्हापूरचं.
मुंबईत उभं राहून एवढं तरी मागा:
अर्जाला नव्वद दिवसांत होय किंवा नाही.
‘नाही’ चालेल. ‘बघू’ नको.
आणि वारसाच्या रकान्यात सून बसेल
एवढी जागा करा.

गव्याला मारा असं मी म्हणत नाही.
कायदा नको म्हणतो, मीही नको म्हणतो.
बार आभाळात. आवाज पाहिजे फक्त.
पत्र्याचा डबा तिनं दोन वर्षं बडवला.
गवा आता डब्याकडं बघतसुद्धा नाही,
खात राहतो, घरचा असल्यासारखा.

आता जे सांगतो ते शेवंताला माहीत नाही.
अठ्ठ्याण्णव साली एका चापाची स्प्रिंग मी बदलली.
नवव्या दिवशी बांधावर
भावानं भावावर तीच बंदूक चालवली.
कोर्टात मी सांगितलं, काम माझ्या हातचं.
वकील म्हणाला, स्प्रिंग बसवलीच नसती तर?
मी गप्प राहिलो.
अजून त्याच जागी गप्प उभा आहे.

हे गाळलं असतं तर अर्ज बरा दिसला असता.
पण आमच्यात नळीतला डाग
गिऱ्हाइकाला उजेडात धरून दाखवायचा,
मगच पैसे घ्यायचे.
तेव्हा कुणालाही द्या असं म्हणत नाही.
बांधाचा दावा चालू आहे त्याला देऊ नका,
दारू पिऊन बायकोला मारतो त्याला देऊ नका,
गाव सांगेल नावं, विचारलंत तर.
पण भिऊन सगळ्यांनाच ‘बघू’ म्हणायचं,
ह्याला मी राखण म्हणत नाही.

मागच्या बुधवारी तेलाची बाटली घेऊन ठाण्यात गेलो.
म्हटलं, तिच्या सासऱ्याच्या बंदुकीला बोटभर लावतो, फुकट.
हवालदार म्हणाला, मुद्देमालाला हात लावायचा नाही.
बरोबर आहे त्याचं.
बाटली तशीच परत आणली.

‘दुरुस्ती’ तुमच्याही धंद्यातला शब्द आहे म्हणे.
माझ्या दुकानात काम झालं की
आधी रिकामा चाप ओढून बघतो,
तोंड भिंतीकडं करून,
मग माणसाच्या हातात देतो.
तुम्हीही तसंच करा. घाई नाही.
घाई डुकरांना आहे.

सोबत: शेवंता खोराटे यांच्या अर्जाची झेरॉक्स.
मूळ प्रत कुठल्या टेबलावर आहे
ते कळवावं.